आजच्यापुरती माफी

लग्नाला चौतीस वर्षं झाल्यावर नवरा एकाएकी बायकोचं बोलणं शेवटपर्यंत ऐकून घ्यायला लागला, तर एखादीनं देवाचे आभार मानले असते. खिसेवालीच्या मनात मात्र शंकेची पाल चुकचुकली.

त्या दिवशी ती लाँड्रीतून आली तीच तणतणत. बॉयलर पुन्हा बंद पडला होता, गरम पाणी नव्हतं, कपड्यांचे ढीग साचले होते आणि त्याबद्दलची सगळी बोलणी तिला खावी लागली होती. एरवी अशा वेळी नवरा वर्तमानपत्रात डोकं खुपसून "हं, हं" करायचा. त्या दिवशी त्यानं वर्तमानपत्राची घडी केली, खुर्ची तिच्याकडे वळवली आणि तिचं बोलून होईपर्यंत मध्ये चकार शब्द काढला नाही. मग हळूच म्हणाला, "आणखी काही मनात आहे का?"

"आहे," ती म्हणाली. "तुम्हाला झालंय काय, ते आहे."

"कुठं काय?" असं म्हणून तो तिच्यासाठी पाणी आणायला उठला. स्वतःहून. खिसेवालीनं त्या ग्लासाकडेही आधी निरखून पाहिलं आणि मगच पाणी प्यायली.

खिसेवाली हे काही तिचं खरं नाव नव्हे, पण तेवीस वर्षं एकच काम केल्यावर खरं नाव विचारतो कोण! गावातल्या मोठ्या लाँड्रीत धुवायला आलेला प्रत्येक कपडा आधी तिच्या टेबलावर यायचा. खिसे उलटे करायचे, सापडेल ते पाकिटात घालायचं, पाकिटावर कपड्याचा नंबर टाकायचा आणि कपड्याबरोबर ते गिऱ्हाइकाला परत करायचं. चाव्या, तिकिटं, गोळ्या, एकदा तर कवळीसुद्धा. कोण लपून सिगारेट ओढतो, कोणाच्या घरी पत्रं येतात आणि कोणाच्या घरी ती पोचत नाहीत, हे तिला खिशांवरून कळायचं. ती कोणाला सांगायची नाही, पण विसरायचीही नाही. अशा कामात माणसाचा स्वभाव जरा तसा होतोच. आणि खरं सांगायचं तर तिचा तो मुळातच होता. कामानं त्याला फक्त धार आली.

नवरा म्हणजे अगदी नाकासमोर चालणारा माणूस. जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. बिघडलेल्या यंत्राला कान लावला की कुठं काय दुखतंय ते त्याला कळायचं. माणसांच्या बाबतीत हा कान कधी चालला नव्हता. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली होती आणि तेव्हापासून दुपारी झोप काढणं हा त्याचा एकमेव उद्योग होता. तो माणूस आता रोज चार वाजता केस विंचरून, धुतलेला शर्ट घालून बाहेर पडायला लागला होता.

"कुठं निघालात?"

"वाचनालयात."

पवित्र शास्त्र आणि लिफ्टचं माहितीपुस्तक सोडून या माणसानं तिसरं पुस्तक उघडलेलं तिनं पाहिलं नव्हतं. ती काही बोलली नाही. बोलली असती तर तो सावध झाला असता. बाई वगैरे असेल, असंही एकदा तिच्या मनात येऊन गेलं, पण साठी उलटलेला, गुडघे धरून जिना उतरणारा, शर्टाची वरची बटणं चुकीच्या काजात लावणारा आपला नवरा तिनं एकवार डोळ्यांपुढे आणला आणि तो संशय तिचा तिनंच निकालात काढला.

मग मुलगी. ती लग्न होऊन दूरच्या शहरात असते, रविवारी उपासना झाली की फोन करते, तोही दहा मिनिटं. आता रोज फोन. "आई, तू बरी आहेस ना? बाबांना फार बोलू नकोस गं. त्यांच्या मनावर ताण आहे."

"कसला ताण?"

"असंच आपलं." आणि पलीकडे मुलीनं घाईघाईनं विषय बदलला.

रविवारी चर्चच्या दारात पाळकांनी तिचा हात दोन्ही हातांत धरला. हे पाळक तसे घाईचे गृहस्थ. शंभर माणसांशी हात मिळवून जेवायला जायचं असतं त्यांना. त्या दिवशी त्यांना घाई नव्हती. "तुमच्या घरासाठी रोज प्रार्थना करतोय, बाई. धीर धरा," ते म्हणाले.

"कशासाठी धरू?"

पाळकांना खोकला आला. चांगला ठणठणीत माणूस, प्रवचनात तासभर खोकला नाही आणि एवढ्या प्रश्नाला बरा खोकला आला!

हे सगळं तिनं मनातल्या मनात एकापाठोपाठ एक मांडून ठेवलं होतं, पण त्याचा अर्थ लागत नव्हता. तो बुधवारी लागला. नवऱ्याचा कोट तिनं धुवायला म्हणून लाँड्रीत आणला होता. टेबलावर घेऊन सवयीनं खिसे उलटे केले, तर आतल्या खिशातून चार घड्या केलेला कागद निघाला. अक्षर नवऱ्याचं, आपलं मोठं मोठं, नट-बोल्टची यादी लिहावी तसं.

घाई करायची नाही. तिला बोलू द्यायचं, मध्ये तोंड घालायचं नाही. खोटा धीर द्यायचा नाही. राहून गेलेल्या गोष्टी विचारायच्या. रडू आलं तर बाहेर जायचं. आणि खाली रेघ ओढून: दिवस थोडे आहेत.

खिसेवालीनं शेवटची ओळ पुन्हा वाचली. महिन्यापूर्वी तिला थकवा यायचा म्हणून रक्त तपासलं होतं. रिपोर्ट आणायला नवराच गेला होता. "सगळं ठीक आहे, रक्त जरा कमी आहे, गोळ्या दिल्यात," असं त्यानं सांगितलं होतं, आणि सांगताना तो बुटांची नाडी सोडत होता. तेव्हा तिला त्यात काही वाटलं नव्हतं. आता ती नाडी तिच्या डोळ्यांपुढून हलेना. तिनं कागद पाकिटात घातला, वर कोटाचा नंबर लिहिला आणि मग आपण हे काय करतोय असं वाटून पाकीट पर्समध्ये टाकलं.

दुपारच्या सुट्टीत ती दवाखान्यात गेली. खिडकीतल्या बाईनं नाव शोधलं, कागद पाहिला आणि म्हणाली, "नॉर्मल आहे की सगळं. रक्त वाढायच्या गोळ्या चालू ठेवा." हे बोलताना तिनं मान वर केली नाही. संपलं. म्हणजे हीसुद्धा सामील होती.

नवरा, मुलगी, पाळक, दवाखाना, सगळ्यांना माहीत. जिचं मरण तिलाच तेवढं नाही. भीतीच्या आधी तिला आला तो संताप. तेवीस वर्षं गावाचे खिसे जिच्या हाताखालून गेले, तिच्याच घरात एवढी गोष्ट लपवतात! तिनं ठरवलं, आपणही ताकास तूर लागू द्यायची नाही. तुम्ही लपवा, मी लपवते. बघू कोण आधी बोलतं.

भीती दुसऱ्या दिवशी आली. चर्चच्या बाकावर बसून तिनं मरणावरची कितीतरी प्रवचनं ऐकली होती, माना डोलावल्या होत्या. ती सगळी दुसऱ्यांच्या मरणाबद्दल होती, हे तिला आत्ता कळलं. सकाळी गुडघ्यांवर बसून ती म्हणाली, "प्रभू, तू तरी खरं काय ते सांग." प्रभू काही बोलला नाही. गप्प बसणाऱ्यावरच तिचा पहिला संशय जायचा, पण देवावर संशय घ्यायला ती जरा कचरली आणि उठून कामाला लागली.

दिवस मात्र बदलले. बाहेरून कोणाला कळलं नसतं. तीच बस, तेच टेबल, तेच खिसे. पण एका लहान मुलीच्या फ्रॉकच्या खिशात कागदात गुंडाळलेला पडका दात निघाला, तर एरवी तिनं तो तसाच पाकिटात टाकला असता. त्या दिवशी तिनं तो पुसला, कोऱ्या कागदात बांधला, वर लिहिलं: दात आहे, जपून. आपल्याला एवढा वेळ कुठून मिळाला याचं तिचं तिलाच नवल वाटलं. रात्रीच्या जेवणाला नवऱ्यानं पुन्हा ते विचारलं, "काही राहून गेलंय असं वाटतं का गं तुला?"

तिनं त्याच्या पानात भाजी वाढली. राहून गेलेलं एक होतं. ते तिनं कोणालाही सांगितलं नव्हतं, आणि देवाला आपणहून माहीत असणार म्हणून वेगळं सांगितलं नव्हतं.

ते होतं धाकटीबद्दलचं.

धाकटी म्हणजे नवऱ्याची एकुलती एक बहीण, खिसेवालीची नणंद. लग्न केलं नाही, एकटी राहायची. अकरा वर्षांपूर्वी ती याच लाँड्रीत इस्त्रीच्या टेबलावर होती. खिसेवालीनंच तिला चिकटवलं होतं. एका शनिवारी एका गिऱ्हाइकाचा जाड कोट आला. दोन दिवसांनी गिऱ्हाईक परत आलं: कोटाच्या आतल्या खिशात अंगठी होती, ती कुठाय? खिसेवालीच्या चिठ्ठीवर लिहिलेलं होतं, खिसे रिकामे. मालकांनी विचारलं, तुझ्यानंतर कोट कोणाकडे गेला? ती म्हणाली, धाकटीकडे. एवढं खरं होतं. पण मालक तिच्याकडे बघतच राहिले, आणि मग तिनं आणखी एक वाक्य जोडलं: "तिनं या आठवड्यात नवे बूट घेतलेत, एवढं मी पाहिलंय."

त्या एका वाक्यानं धाकटीचं काम गेलं. मालक याच चर्चचे, तिसऱ्या रांगेत बसणारे. कोणी जाहीर काही बोललं नाही, पण महिन्याभरात धाकटीच्या बाकावर तिच्या शेजारची जागा रिकामी राहायला लागली. आणखी महिन्याभरानं धाकटीची जागाही रिकामी झाली. ती घरीच लोकांचे कपडे इस्त्री करून द्यायला लागली आणि वहिनीच्या घराची पायरी तिनं पुन्हा चढली नाही.

इथवर खिसेवाली स्वतःला समजावू शकत होती: मला तसं वाटलं, मी तसं बोलले. पण चार वर्षांनी तोच कोट पुन्हा तिच्या टेबलावर आला. खिसे तपासले की बोटं कोटाच्या खालच्या दुमडीवरून फिरवायची, हा तिच्या कामातला पहिला धडा. आतल्या खिशाची शिवण उसवली असेल तर वस्तू अस्तरातून घसरत खाली जाऊन बसते. तिनं बोटं फिरवली आणि दुमडीत काहीतरी गोल, टणक लागलं. चार वर्षांपूर्वीच्या त्या शनिवारी कपडे फार होते. त्या दिवशी तिनं दुमड चाचपलीच नव्हती.

तिनं दोन टाके उसवले, अंगठी काढली, पाकिटात घातली, नंबर टाकला. गिऱ्हाइकानं पाकीट उघडून पाहिलं, त्याचा चेहरा पडला, आणि तोही काही न बोलता निघून गेला. पुन्हा त्या लाँड्रीत आला नाही. दोघांनाच माहीत होतं आणि दोघंही मूग गिळून गप्प बसले. या गोष्टीला सात वर्षं झाली होती. आज सांगू, उद्या सांगू, करता करता सात वर्षं. तेव्हा तिच्याकडे उद्या भरपूर होते.

आता नव्हते. शुक्रवारी तिनं अर्धी रजा टाकली आणि चारच्या सुमारास धाकटीच्या इमारतीचे तीन जिने चढली. काय बोलायचं ते पाठ केलं होतं. बेल वाजवली. दार उघडलं ते नवऱ्यानं. बाह्या वर केलेल्या, हात साबणानं ओले, खांद्यावर टॉवेल.

आधी सावरली ती खिसेवाली.

"वाचनालय इथं आहे होय?"

"अगं, तू... तुला कोणी सांगितलं?"

"मला कोण काय सांगतंय! माझं मलाच शोधावं लागतं सगळं."

आतून बारीक आवाज आला. "कोण आहे, दादा?"

"वहिनी आलीय."

आतून खोकल्याचा आवाज आला. मग, "येऊ दे. आलीच आहे तर."

खोली लहान, नीटनेटकी. इस्त्रीचं टेबल घडी करून भिंतीला टेकवलेलं. खिडकीजवळ पलंग आणि पलंगावर धाकटी. म्हणजे धाकटीचं जे काही उरलं होतं ते. खिसेवालीनं पाहिलं, पण तिचं डोकं स्वतःच्या पाठ केलेल्या वाक्यांत इतकं अडकलेलं होतं की डोळ्यांनी पाहिलेलं आत पोचलंच नाही. एवढी तरबेज बाई, आणि समोरचं दिसेना. ती खुर्चीच्या टोकावर बसली आणि म्हणाली, "धाकटे, माझे दिवस थोडे राहिलेत."

"कोणाचे?"

"माझे. हे लोक लपवतायत माझ्यापासून, पण मला कागद सापडलाय." तिनं पर्समधून पाकीट काढलं. "हे बघ. यांच्याच अक्षरात आहे. तिला बोलू द्यायचं, खोटा धीर द्यायचा नाही..."

दारात उभ्या नवऱ्यानं कपाळावर ओला हात मारला. धाकटी तिच्याकडे टक लावून बघत होती. मग ती हसायला लागली. हसता हसता खोकला आला, नवऱ्यानं धावत जाऊन तिला उठवून बसवलं, पाणी दिलं, तरी तिचं हसू थांबेना.

"वहिनी, अगं तो कागद माझा आहे," ती म्हणाली. "इस्पितळातल्या नर्सनं सांगितलं आणि दादानं लिहून घेतलं. मरतेय ती मी. तेवढं एक माझ्या नावावर होतं, तेही तू घेऊन निघालीस?"

खिसेवालीला आधी काय वाटलं, ते इथं सांगायलाच हवं. तिला हायसं वाटलं. मी मरत नाहीये! छातीवरचं ओझं उतरलं, हात हलके झाले. ते एक-दोन क्षणच टिकलं, पण त्याची लाज तिला पुढं कायम वाटत राहिली. कारण त्यानंतर तिनं पलंगावर पाहिलं आणि या वेळी ते आत पोचलं.

सगळ्याचा उलगडा झाला. दुखणं दोन महिन्यांपूर्वी कळलं होतं. धाकटीनं भावाला शपथ घातली होती, वहिनीला कळता कामा नये. शेवटच्या दिवसांत मला घरात तपासणी नको. मुलीला आत्याचं सांगितलं होतं, पाळक इथं येऊन प्रार्थना करून जात होते. आणि आजाऱ्याशी बोलायचं कसं हे ज्याला जन्मात जमलं नव्हतं, तो भाऊ बिचारा संध्याकाळी घरी बायकोवर सराव करत होता.

"बरं," धाकटीनं विचारलं, "तू मरत होतीस ती मला काय सांगायला आली होतीस?"

खिसेवालीनं पाकीट पुन्हा पर्समध्ये टाकलं. अंगठीचं अजून ती बोलली नव्हती. आजारी नणंदेला भेटायला आले, एवढं म्हणून उठता आलं असतं. मरण टळलं तशी घाईही टळली होती. नंतर कधीतरी, नीट वेळ बघून. मग तिच्या ध्यानात आलं की नंतर म्हणायला समोरच्या बाईकडे काही नाही. धाकटीच्या मनगटांवर इस्त्रीच्या चटक्यांचे जुने डाग होते, आणि हाडांवर नुसती कातडी राहिल्यानं ते जास्तच गडद दिसत होते.

तिनं सांगितलं. कोट, दुमड, शनिवारची घाई, बुटांबद्दलचं वाक्य, चार वर्षांनी सापडलेली अंगठी, पाकीट, नंबर. काही वगळलं नाही. पाठ केलेली वाक्यं कुठल्या कुठं गेली होती, त्यामुळे सांगताना पुढचं मागं झालं, पण सगळं सांगितलं.

आधी बोलला तो नवरा. "ते बूट मी घेऊन दिले होते तिला," तो दारातूनच म्हणाला. "वाढदिवसाला. तुला कळलं तर तू शंभर प्रश्न विचारशील म्हणून बोललो नाही." आणि तो बाहेर गेला, कागदावर लिहिलं होतं त्याप्रमाणे.

धाकटी खिडकीकडे बघत होती. "सात वर्षं," ती म्हणाली. "सात वर्षं तुला माहीत होतं."

"हो."

"मी इथं एकटी गुडघे टेकून प्रार्थना करायचे. देवाला खरं ठाऊक आहे, याच एका गोष्टीवर मी निभावलं, वहिनी. पण मी राहत होते माणसांत. आणि माणसांना ठाऊक नव्हतं."

"मला माफ कर गं."

"लगेच? तू सात वर्षं घेतलीस, मला सात मिनिटं तरी दे." ती थकली होती, तरी आवाजात धार होती. "आणि तू माझ्यासाठी आलेली नाहीस. स्वतःचं गाठोडं हलकं करायला आलीस. मरताना लागेल म्हणून."

ते अक्षरशः खरं होतं, हे खिसेवालीला कळत होतं. जन्मभर तिनं दुसऱ्यांच्या आतलं काढून टेबलावर मांडलं होतं. आज कोणीतरी तिचं मांडलं.

"मला एक हवंय," धाकटी म्हणाली. "रविवारी चर्चमध्ये सांग. सगळ्यांसमोर."

"मालकांना सांगते ना मी. आजच्या आज जाते. त्यांना एकट्यांना..."

"माझी बदनामी एकट्या मालकांपुढं झाली नाही. आणि माझ्या अंत्यविधीला उभी राहून सांगशील, तर ते मला ऐकू येणार नाही."

मधले दोन दिवस खिसेवालीनं काय काय पळवाटा शोधल्या, त्याला तोड नाही. पाळकांनी नुसतं वाचून दाखवलं तर? चिठ्ठी लिहून दारात लावली तर? धाकटी हे सूड म्हणून करते आहे, असाही एक संशय तिनं घेऊन पाहिला. त्यावर नवरा एवढंच म्हणाला, "असेलही. तिला तेवढा हक्क आहे." आणि वर्तमानपत्रात डोकं खुपसायची जुनी सवय विसरून तो तिच्याजवळ बसून राहिला.

रविवारी नवऱ्यानं आणि आणखी दोघांनी धाकटीला खुर्चीसकट पायऱ्या चढवून आणलं आणि पहिल्या रांगेपुढं, वेदीकडे तोंड करून ठेवलं. अकरा वर्षांनी ती आत आली होती. शेवटचं गीत झालं. पाळकांनी खूण केली आणि खिसेवाली उठली. तेवढ्यात धाकटीनं हात वर केला.

"दादा, खुर्ची फिरव," ती म्हणाली. "मला या सगळ्यांचे चेहरे बघायचेत."

खुर्ची फिरवली. त्या दोन खोल डोळ्यांसमोर बाकांवरची माणसं चुळबुळली. खिसेवालीनं बाकाची कड धरली आणि जे खोलीत सांगितलं होतं तेच सांगितलं, या वेळी पुढचं मागं न करता. बुटांचं वाक्य तिनं जसंच्या तसं उच्चारलं. "ते मी बोलले होते," ती म्हणाली. "आणि अंगठी सापडल्यावर गप्प बसले तीही मीच. हिनं कधी कशाला हात लावला नाही."

त्यानंतरची शांतता पाळकांनी प्रार्थनेनं भरून काढली नाही, हे त्यांचं शहाणपण. धाकटीची नजर रांगेमागून रांग फिरली. कोणी खाली पाहिलं, कोणी रुमाल काढला. मग तिसऱ्या रांगेतून मालक उठले, तिच्या खुर्चीसमोर येऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आमचं चुकलं."

"हो," धाकटी म्हणाली. "चुकलं."

सोमवारपासून लाँड्रीत टेबलाला दुसरी खुर्ची आली. खिसे दोघींनी तपासायचे, असा नवा नियम झाला. दुसरी बाई खिसेवालीच्या हातांकडे डोळ्यांत तेल घालून बघायची. ते तिला झोंबायचं, आणि झोंबायला हवंच होतं.

त्या रविवारी धाकटीला पलंगावर निजवल्यावर खिसेवालीनं विचारलं होतं, "आता केलंस का माफ?"

धाकटीनं विचार केला. "आजच्यापुरतं केलं," ती म्हणाली. "उद्याचं उद्या बघू. उद्या सकाळी उठून मला पुन्हा राग आला तर? मी आत्ताच शब्द देऊन कशी बसू? रोजची भाकर आपण रोज मागतो ना, तसं हेही रोज माग."

म्हणून खिसेवाली रोज गेली. लाँड्री सुटली की तीन जिने चढायची, दारातच विचारायची, "आजचं काय?" धाकटी कधी लगेच म्हणायची, "आजच्यापुरतं केलं." कधी घड्याळाकडे बघून म्हणायची, "थांब, अजून राग आहे. आधी उशी बदल." एके दिवशी तर अंधार पडेपर्यंत काही बोललीच नाही, आणि खिसेवाली चपला घालत होती तेव्हा पाठीमागून म्हणाली, "जा. केलं." हिला खरंच माफ करायचंय की आपल्याला रोज तीन जिने चढवायचेत, असा संशय खिसेवालीला अधूनमधून यायचा. स्वभाव कुठं जातो! पण तिच्या लक्षात आलं होतं की सकाळी डोळे उघडल्यावर आता तिला आधी तो दिवस आठवतो आणि त्या दिवसाचं काम आठवतं. इतकी वर्षं तिनं दिवस नुसते मागं टाकले होते. आता प्रत्येक दिवस मागून घ्यावा लागत होता, आणि मागून घेतलेलं वाया घालवायला हात धजत नव्हता.

चोविसाव्या दिवशी ती पोचली तेव्हा धाकटीला ताप होता, चादर घामानं भिजलेली. नवरा औषध आणायला गेला होता. खिसेवालीनं पर्स कुठंतरी टाकली, पाणी कोमट केलं, तिचं अंग पुसलं, केसांतला गुंता सोडवून वेणी घातली. तिला एका अंगावर वळवून चादर बदलली, गाऊन बदलला. मग चमच्यानं दूध पाजायला बसली. निम्मं दूध हनुवटीवरून ओघळलं, ते पुसलं. पुन्हा चमचा भरला. मुलीनं फोनवर सांगितलेली कसलीशी गंमत सांगत होती, सांगता सांगता स्वतःच हसली. धाकटीचे डोळे मिटलेले होते.

"वहिनी," धाकटी डोळे न उघडता म्हणाली.

"काय गं? दुखतंय?"

"आज तू विचारलं नाहीस."

खिसेवालीच्या हातातला चमचा थांबला. खरंच की! दारात नाही, नंतर नाही, मनातसुद्धा आलं नव्हतं.

"विसरले," ती म्हणाली.

धाकटीनं तिचा हात चाचपून शोधला आणि आपल्या हातात घेतला. "मीही," ती म्हणाली. "आत्ता आठवलं."